नामदार

नावं ठेवणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. नाव देणारा पंचक्रोशीत एखादाच. गणपतीच्या नव्या मंडळाला नाव पाहिजे, वडापावच्या गाडीला पाहिजे, कोणी छोटा हत्ती घेतलाय आणि त्याच्या कपाळावर काहीतरी भारदस्त लिहायचंय, भाचीच्या बारशाला भटजींनी नेमकं 'ढ' अक्षर काढून दिलंय, की लोकांची पावलं त्याच्या दाराकडे वळतात. निघोज्यात हा मान आमच्या खोल्यांमधल्या एका इन्स्पेक्टरकडे आहे. पोलिसातला नव्हे, क्वालिटीतला. त्याचं खरं नाव आधार कार्डावर असेल. आम्ही सगळे त्याला नामदार म्हणतो. मंत्र्यांना लावतात तेच बिरुद, फक्त याच्याकडे सरकारी गाडी नाही. गाडीच नाही, कंपनीची बस आहे.

निघोजे म्हणजे पारनेरचं निघोज नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक रांजणखळगे बघायला यायचे. आमचं निघोजे खेड तालुक्यातलं. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, आणि मध्ये एमआयडीसी. ज्या मुलखात सातशे वर्षं लोकांना एकच नाम पुरून उरलं, तिथे या गृहस्थाला एका बैठकीला वीस-वीस लागतात.

ब्रॅकेट बनवणाऱ्या एका व्हेंडरकडे तो फायनल इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात गो-नोगो गेज. गेजचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये; माल एकतर पास, नाहीतर लाल पेटीत. आठ तास असं वागून माणूस घरी येतो तेव्हा त्याचा स्वभावही गेजसारखाच झालेला असतो. मंडळाला 'अष्टविनायक' सुचवलं तर म्हणतो, "नो-गो. मोशीत आहे, चिखलीत आहे, कुरुळीत दोन आहेत." चहावाल्याने गाडीला स्वतःच्या मुलीचं नाव द्यायचं ठरवलं तर त्याला विचारतो, "उद्या दुसरी मुलगी झाली तर दुसरी गाडी घेणार का?" सल्ल्याचे पैसे घेत नाही. चहा घेतो.

पण मंडळं, टेम्पो आणि बारशी हा सगळा जोडधंदा. नामदाराचं खरं काम वेगळं आहे. तो योद्ध्यांची एक अख्खी जमात जन्माला घालतोय.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि वार बसला की हुकला हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. सांगणाऱ्याला डंजन मास्टर म्हणतात. कोणाकडून तरी हा खेळ नामदाराच्या कानावर आला आणि त्याने खोलीवरच्या पोरांना गोळा केलं: उदगीरचा फिटर, गोंदियाचा वेल्डर, बिहारमधल्या आऱ्याचा एक पेंट शॉपमधला मुलगा आणि खोलीमालकांचा धाकटा. फासा ऑनलाइन मागवला. खोलीमालक नानांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "एवढ्या बाजू कशाला रे? आमचं सहात भागायचं. पांडवांचं राज्यपण सहातच गेलं."

फासा आला, वह्या आल्या, पेन्सिली आल्या. गोष्टसुद्धा तयार होती. डोंगरापलीकडे एक जमात राहते, तिच्या नावानेच राजे राज्य सोडून पळतात. आता इतकंच बाकी होतं की ते नाव काय. त्या वेळी दसरा होता. खेळ सुरू झाला तेव्हा आंब्याला मोहोर येऊन गळूनही गेला होता.

नामदाराच्या मते जमातीला एक नाव लागतं, तिच्यातल्या कुळांना वेगळी, पुरुषांना, बायकांना, पोरांना वेगळी. एक नाव आईने दिलेलं, एक शत्रूने दिलेलं, एक मेल्यानंतरचं. शिवाय घोड्यांना, तलवारींना आणि ज्या टेकडीवर हे लोक सकाळी जातात त्या टेकडीलाही. एवढ्याचा रकानेवार तक्ता त्याने कंपनीच्या इन्स्पेक्शन रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर आखला. प्रत्येक नावाला अनुक्रमांक, तपासणीची तारीख, शेरा. पास झालेल्या नावापुढे गोल शिक्का, नापासापुढे कारण. 'ऐकायला मऊ.' 'साबणाचं वाटतं.' 'हे फिटरच्या मेव्हण्याचं आहे.'

मऊ आणि कडक यांबद्दल त्याची मतं शास्त्रीय आहेत. कुठेतरी त्याने वाचलं होतं की २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड या शास्त्रज्ञांनी एक गोलगोल आणि एक टोकदार अशा दोन आकृत्यांबद्दल लिहिलं: यातली 'बुबा' कुठली आणि 'किकी' कुठली असं लोकांना विचारलं की बहुतेक सगळे टोकदार आकृतीलाच किकी म्हणतात. म्हणजे आवाजालाही आकार असतो. हे त्याने कॅन्टीनमध्ये पडताळून पाहायचं ठरवलं. रिपोर्टच्या पाठीवर दोन आकृत्या काढल्या आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशींसमोर धरल्या.

"मावशी, यातला बुबा कुठला?"

"बुवा? हा गोल." मावशींनी लाटणंही थांबवलं नाही.

"कशावरून?"

"आळंदीला जाऊन बघ की."

उत्तर बरोबर आल्यावर कारणाशी नामदाराला कर्तव्य नव्हतं. त्याने निष्कर्ष लिहून टाकला: योद्ध्याच्या नावात ब, म, ल नको, क, ट, ड, ख, ढ पाहिजेत, आणि मध्ये कुठेतरी र खडखडला पाहिजे. त्या नियमाने त्याने पहिली खेप काढली. झोरकथार, क्राडखाट, ग्रोटढक. वाचताना समोरच्याच्या अंगावर थुंकी उडते. हे तो गुण म्हणून सांगायचा.

या खेपेची वाट लावली ती दुसऱ्या परीक्षेने. ती नामदाराची नव्हे, गावाची आहे. आपल्याकडे नाव कितीही अगडबंब असो, तिसऱ्या दिवशी पोरं त्याला मागून 'या' जोडतात. चंद्रशेखराचा चंद्या होतो आणि ज्ञानेश्वराचा माउली तरी होतो नाहीतर ज्ञान्या. झोरकथारचा संध्याकाळपर्यंत झोरक्या झाला. झोरक्या म्हटल्यावर कोणता राजा राज्य सोडून पळेल? फार तर उसने दिलेले पन्नास रुपये परत मागेल. क्राडखाटचा खाट्या झाला, आणि ग्रोटढकचं काय झालं ते इथे लिहिता येत नाही. नामदाराने तक्त्यात एक नवा रकाना वाढवला: 'या-चाचणी.' त्या रकान्यात आजवर एकाच नावाला गोल शिक्का मिळालाय. खेळाच्या इंग्रजी पुस्तकात अर्ध्या ऑर्क जातीच्या योद्ध्यांसाठी नमुन्याची नावं दिली आहेत, त्यातलं एक उदगीरच्या फिटरने वाचलं 'ठोक'. सगळ्यांना एकदम पसंत. मग वेल्डर म्हणाला, "हे नाव कुठंय? ही तर सुपरवायझरची ऑर्डर आहे." फिटरला ही ऑर्डर दिवसातून इतक्या वेळा मिळते की खेळातही तेच ऐकून घ्यायला तो तयार होईना.

पुढे नामदाराला कळलं की थोर लोकही उसनवारी करतात, आणि त्याला धीर आला. टॉल्किनने १९३७ च्या 'द हॉबिट'मधल्या बुटक्यांची नावं एका जुन्या नॉर्स कवितेतल्या यादीतून उचलली. गँडाल्फ हे नावसुद्धा त्याच यादीतलं. गायगॅक्सचा प्रकार तर याहून सोपा. त्याच्या जगात ड्रॉमिज नावाचा एक जबरदस्त जादूगार आहे. हे नाव म्हणजे जिम वॉर्ड या त्याच्या खेळगड्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं शेवटाकडून वाचलेली.

शेवटाकडून! त्या रात्री नामदार झोपला नाही. सकाळी बसमध्ये चढला तो थेट ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसला, कारण तिथे काचेवर थांब्यांची यादी चिकटवलेली असते. पेन काढलं आणि एकेक थांबा उलटा करायला घेतला. मोईचं ईमो झालं. हे मेंढरं राखणाऱ्याला ठीक. निघोज्याचं जेघोनि, ही म्हातारी मांत्रिकीण. कुरुळीचं ळीरुकु झालं आणि काम अडलं, कारण सुरुवातीलाच ळ आल्यावर मराठी जिभेला कुठून धरावं कळत नाही. नामदाराने त्यातून मार्ग काढला: ळीरुकु हे नाव मरतानाच उच्चारतात. महाळुंग्यातून गेळुंहाम निघालं. खालुंब्र्यातून ब्रेलुंखा निघाली आणि वेल्डरने ती लगेच आपली बायको म्हणून मागून घेतली. आणि मग आली खराबवाडी.

डी-वा-ब-रा-ख.

बसमध्ये हे नाव तो इतक्या मोठ्याने बोलला की ड्रायव्हरने ब्रेक मारला. डीवाबराख! सरळ वाचलं तर ट्रॅफिक जॅमचं गाव, उलटं वाचलं तर जळत्या शहरातून घोड्यावर बाहेर पडणारा सेनापती. 'या-चाचणी'त राख्या झाला असता, पण तेवढी सवलत त्याला दिली गेली. संध्याकाळी परतीच्या वाटेवर तालुक्याच्या गावावर हात घातला. राजगुरुनगर. उलटं: रगनरुगुजरा. इंग्रजी मालिकांमध्ये दाढीवाला व्हायकिंग राजा असतो ना, रॅग्नार, त्याचा हा थोरला चुलता शोभेल. नामदाराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं असं बसमधले सांगतात. मी ते पाहिलेलं नाही, पण मला खरं वाटतं.

माणसाला एवढं लांब जायची गरज काय, असं मला राहून राहून वाटतं. आमच्या आजूबाजूला नावांचे कारखानेच आहेत. महिंद्राच्या गाड्या बघा: बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो, सगळ्यांच्या शेवटी 'ओ', २०११ मध्ये आलेल्या एक्सयूव्ही ५०० चा उच्चारही 'फाइव्ह डबल ओ' असा ठेवून त्यांनी 'ओ' सांभाळला. स्कोडाच्या पेट्रोल-डिझेलवरच्या एसयूव्ही इंग्रजी 'के'ने सुरू होऊन 'क्यू'ने संपतात: कोडियाक, कुशाक, कायलाक. यातल्या कुशाक आणि कायलाक चाकणला बनतात. ट्रेलरवर एकावर एक चढवलेल्या गाड्या तळेगावच्या रस्त्याला लागतात तेव्हा मागच्या पाट्या वाचत जावं. एक जमात चालली आहे असंच वाटतं. २०२४ मध्ये कायलाकसाठी लोकांकडून नावं मागवली होती, तेव्हा नामदारानेही मनातल्या मनात भाग घेतला. त्याची 'कचाक' आणि 'कडाक' ही दोन नावं तयार होती. कचाक म्हणजे ब्रेक मारल्याचा आवाज आणि कडाक म्हणजे न मारल्याचा. पाठवायची तारीख गेली तरी स्पेलिंग ठरेना. निवडलेलं कायलाक मात्र त्याने तपासून पास केलं. आणि त्याच वर्षी डिसेंबरात महिंद्राच्या 'बीई ६ई' या गाडीच्या नावावरून इंडिगो विमान कंपनी कोर्टात गेली, कारण '६ई' हा त्यांचा खुणेचा कोड, आणि गाडी 'बीई ६' झाली. तेव्हा नामदार आठवडाभर छाती काढून फिरत होता. "बघा," तो म्हणायचा, "एका अक्षरासाठी हायकोर्ट बसतं, आणि तुम्ही मला म्हणता लवकर आटप."

गाड्यांचं राहू द्या. आमच्या कंपनीचं मस्टर उघडलं तरी पुरे. डोईफोडे, वाघमारे, दहातोंडे, रणपिसे, भालेराव. ही कंत्राटी कामगारांची यादी आहे की अक्षौहिणी? डोईफोडे आडनाव कळल्यावर दुसऱ्या देशातला खेळाडू ते विकत घेईल. खेळातल्या गोलायथ जातीच्या राक्षसी लोकांना जन्माचं नाव, पराक्रमावरून पडलेलं नाव आणि कुळाचं नाव अशी तीन नावं असतात म्हणे. आपल्याकडे पराक्रम आणि कूळ एकाच आडनावात उरकतात. मी हे नामदारासमोर मांडलं. त्याने शांतपणे विचारलं, "डोईफोडेंना तुम्ही पाहिलंय का?" पाहिलंय. स्टोअरला असतात. बॉलपेनसुद्धा सही घेतल्याशिवाय देत नाहीत, आणि झुरळ दिसलं तर दुसऱ्याला बोलावतात. "मला ते नाव घेतलं की बॉलपेन आठवतं," नामदार म्हणाला. नो-गो.

पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यातली राजी असुरांशी लढते, महाबलासुराला भिडते, हे सगळं आपल्या धाकट्या भावाला सोडवण्यासाठी, आणि त्या भावाचं नाव आहे गोलू. मला हे फार आवडलं. एवढा देवासुरांचा संग्राम आणि मध्ये हाक ऐकू येते ती गोलूला. नामदाराने मात्र राजीला पास केलं, महाबलासुराला शिक्का मारला आणि गोलूपुढे लिहिलं: 'सोडवला नाही तरी चालेल.'

आमचं खरं भांडण झालं ते चाकणच्या किल्ल्यावर. संग्रामदुर्ग. नावात संग्राम असूनही आज तिथे बऱ्यापैकी शांतता असते. बाहेर चौकातलं ट्रॅफिक जास्त लढाऊ आहे. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे हा चिमुकला भुईकोट पन्नासहून जास्त दिवस लढला. शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा कुठे पडला. किल्लेदाराचं नाव फिरंगोजी नरसाळा. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं तिथे तटाच्या सावलीत बसलो होतो आणि मी त्याला म्हटलं, हे नाव तपास.

त्याने डोळे मिटून दोनदा उच्चारलं. "फिरंगोजी पास. एक नंबर. नरसाळा रीवर्क."

"का?"

"नरसाळं काय असतं माहितीय ना? बाटलीत रॉकेल ओतायचं. ज्याला बघून शत्रूला रॉकेलची रांग आठवते तो योद्धा कसला?"

मग मी सुटलोच. म्हटलं, तान्हाजी घे. त्यात 'तान्हा' आहे, पाळण्यातला. १६७३ मध्ये साठेक गडी घेऊन पन्हाळ्यासारखा किल्ला काढला त्याचं नाव कोंडाजी. त्यात गव्हाचा कोंडा आहे. तुझ्या गेजमध्ये यातलं एकही नाव जाणार नाही. आपल्याकडे ज्या घरात मूल जगत नसे तिथे पुढच्या पोराचं नाव दगडू ठेवायचे, धोंडू ठेवायचे, कचरू, केरू ठेवायचे. यमाला वाटावं, हा रिजेक्ट माल आहे, न्यायचे कष्ट कशाला. लाल पेटीचं लेबल लावून चांगला माल घरातच राखून ठेवायची ती युक्ती. तू यमाला घाबरवायला निघालास. आपल्या आज्या त्याला गंडवत होत्या. आणि भारदस्त नावं होती की! पण ती आधी मिळायची नाहीत. कुडतोजी गुजर आधी लढला, मग प्रतापराव झाला. हंसाजी मोहित्याने तलवार गाजवली, तेव्हा हंबीरराव म्हणून ओळखला गेला. तुझे योद्धे अजून घराबाहेर पडले नाहीत आणि त्यांचे किताब छापून तयार आहेत.

नामदार बराच वेळ तटावरचं गवत उपटत राहिला. मग त्याने जे उत्तर दिलं ते मला आजही खोडता आलेलं नाही. म्हणाला, "तान्हाजीचं नाव भारदस्त वाटतं कारण तुम्हाला सिंहगड आधीच माहिती आहे. माझ्या पोरांकडे सिंहगड नाही. त्यांच्याकडे दोन तास आहेत, तेपण सेकंड शिफ्ट संपल्यावर. त्या दोन तासांत उदगीरच्या फिटरला आपण कोणीतरी आहोत असं वाटलं पाहिजे. दिवसभर त्याला टोकन नंबरने बोलावतात."

यावर काय बोलणार? आम्ही उठलो आणि चौकात मिसळ खाल्ली. पैसे मी दिले.

खेळ शेवटी सुरू झाला. जमातीला नाव मिळालं 'हूदे'. देहू उलटं. रणगर्जनाही तीच, त्यामुळे एका नावात दोन कामं झाली. खोलीत गाद्या गुंडाळल्या, मध्ये पाण्याचा जार आडवा ठेवून त्याचं टेबल केलं, आणि नामदाराने डीवाबराखचा वंश सांगायला सुरुवात केली. सात पिढ्या सांगून झाल्या तेव्हा वेल्डर पेंगत होता. आऱ्याचा मुलगा एवढंच म्हणाला, "भैया, नाम में इतना टाइम, तो मारने में कितना लगेगा?"

फार नाही लागला. डीवाबराख झालेल्या फिटरला एका गुहेचं दार उघडायचं होतं. शत्रू अजून पुढच्या दालनात होता. फिटरने फासा टाकला आणि वीसपैकी नेमका एक पडला. नियम पुस्तकातला नव्हता, नामदाराचा स्वतःचा होता, आणि तो त्याने स्वतःच्या लाडक्या सेनापतीलाही लावला: दाराची तुळई डोक्यात, सेनापती जागीच ठार. खोलीत शांतता पसरली. एवढे महिने कष्ट करून बनवलेला माणूस दार उघडताना गेला. आम्हाला वाटलं, आता नामदार कोसळणार. त्याने तक्ता पुढे ओढला, बोट फिरवलं आणि उत्साहाने म्हणाला, "हरकत नाही. गेळुंहाम घे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की याच्या खेळात लढाई ही नावं खपवायची सोय आहे. त्या रात्री गेळुंहाम विहिरीत पडला, ईमोला त्याच्याच मेंढ्याने मारलं, ब्रेलुंखा विषाचं सरबत प्यायली आणि वेल्डर विधुर झाला. प्रत्येक मृत्यूला नामदाराचा चेहरा उजळत होता. मेल्यानंतरचं नावही आता वापरता येणार होतं. पोरं मात्र खूश होती. फिटर दुसऱ्या दिवशी लाईनवर सगळ्यांना सांगत होता, "काल मी चार वेळा मेलो, एकदापण तेच नाव नव्हतं."

फक्त रगनरुगुजरा हे नाव त्याने राखून ठेवलं होतं. ते नानांनी नेलं.

नानांना बैलगाड्यांचा नाद. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या तेव्हा त्यांनी म्हणे गोठ्याकडे पाठ करून जेवण केलं. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली, तेव्हा पेढे वाटले. या वर्षी त्यांनी एक खोंड घेतला. पांढराशुभ्र, शिंगं पाठीमागे वळलेली, डोळ्यांत खुन्नस. त्याला नाव पाहिजे होतं, आणि असं की घाटात दुसऱ्या कोणाच्या बैलाचं नसेल. सर्जा, राजा, सोन्या, लक्ष्या, हरण्या तर दावणीदावणीला आहेत. बकासूर नावाचा एक बैल राज्यभर गाजल्यापासून ज्या बैलाला नीट हंबरता येत नाही त्याचंही नाव बकासूर ठेवतात. नाना नामदाराच्या दारात आले, उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "पोरा, भाड्याचं नंतर बघू. नाव काढ."

नामदाराने खोंडाला तीन बाजूंनी पाहिलं, एकदा नाव उच्चारून त्याने कान हलवला का तेही पाहिलं. कान हलला. मग तक्त्यातली शेवटची ओळ चिठ्ठीवर उतरवून नानांच्या हातात दिली. नानांना ते नाव एका दमात म्हणता यायला दोन दिवस लागले, पण एकदा जमल्यावर ते गावभर म्हणत फिरले.

यात्रेच्या दिवशी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गाडामालकांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून निवेदकाकडे जातात. नानांनी हौसेने चिठ्ठीवर आपल्या नावाच्या वर बैलाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं. घोडी सुटली, मागे गाडा सुटला, भिर्रर्र झालं, निशाण पडलं. बारी अशी झाली की लोक उभे राहिले. निवेदकाने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, एकदा लांब धरली, आणि त्याच्या अनुभवाला जे योग्य वाटलं ते कर्ण्यातून जाहीर केलं: "पहिल्या नंबरात बसलेला आहे, रघू गुजर यांचा गाडा! रघू गुजर यांनी व्यासपीठाकडं यावं!"

नाना गर्दी कापत व्यासपीठापर्यंत पोचले, तेव्हा तिथे एका रघू गुजराला फेटा बांधून झाला होता. तो शेजारच्या गावातून नुसता शर्यत बघायला आला होता. त्याचं म्हणणं एवढंच, की बोलावलं म्हणून आलो.

संध्याकाळी नाना खोलीवर आले. फेटा मिळाला होता, पण दुसऱ्याच्या डोक्यावरून काढलेला. "बैल माझा, वैरण माझी, आन् नाव गुजराचं! उद्यापासून त्याला सर्जा म्हणायचं. आन् भाडं परवापर्यंत पायजे." नामदाराने वाद घातला नाही. नाना गेल्यावर त्याने तक्ता उघडला आणि रगनरुगुजराच्या ओळीत व्यवस्थित नोंद केली. दोष: वाचताना फुटतो. तक्रार: ग्राहकाकडून. कारवाई: रीवर्क. खाली तारीख घातली, सही केली. 'मंजुरी' या रकान्यात नानांची सही लागते, म्हणून तो कालपासून दोनदा गोठ्यावर जाऊन आला. सोबत पर्यायी तेवीस नावांची यादी होती, आणि चिठ्ठीवर वाचायला सोपं जावं म्हणून या वेळी प्रत्येक नाव पाच अक्षरांच्या आतलं.